सुट्टी संपण्याआधी उरकून घ्यावयाची तांत्रिक कामे: ग्रंथालयाच्या मदत-टेबलावरून

सुट्टी संपल्यानंतरचा पहिला आठवडा हा ग्रंथालयातील संगणक-मदतीच्या टेबलावर सर्वाधिक गर्दीचा असतो. येणारे बहुतेक वाचक "फोन बिघडला आहे" असे सांगतात. परंतु फोन हातात घेऊन पाहिला की तो धडधाकट असतो आणि अडलेले असते ते त्याला जोडलेले खाते. कुणाला पासवर्ड आठवत नसतो, कुणाचा ओटीपी बंद झालेल्या क्रमांकावर जात असतो, तर कुणाची छायाचित्रे जागा मोकळी करण्याच्या नादात पुसली गेलेली असतात. ही कामे अवघड नाहीत, मात्र त्यांतील बऱ्याच कामांना दोन माणसे एका वेळी एका जागी लागतात: ज्याचे खाते आहे तो, आणि ज्याने ते उघडून दिले तो. सुट्टीत हे दोघे एका घरात असतात. सुट्टी संपली की एक जण निघून जातो आणि दुसरा आमच्या टेबलाशी येतो.

अशाच एक आजी मागे आल्या होत्या. नवा फोन नातवाने सुट्टीत बसवून दिला होता. ईमेल उघडताना फोनने पुन्हा ओळख पटवायला सांगितले आणि सहा आकडी कोड पाठवला.

"आजी, हा कोड कुणाच्या फोनवर गेला?"

"नातवाच्या असेल. त्यानंच सगळं बसवून दिलंय."

"मग त्यांना फोन लावू या का?"

"आत्ता कुठला लागायला? तो विमानात आहे. संध्याकाळी उतरेल."

कोडची मुदत काही मिनिटांची आणि नातवाचा प्रवास काही तासांचा, त्यामुळे त्या दिवशी आजींचे काम झाले नाही. नातवाने चूक केली असे म्हणवत नाही. घाईत स्वतःचा क्रमांक टाकणे त्याला सोपे वाटले, एवढेच. परंतु हा एक रकाना योग्य भरलेला असता तर आजींचा हेलपाटा वाचला असता. म्हणून पुढील सूचनांचा क्रम ठरवताना दोन माणसे लागणारी खात्याची आणि जुन्या फोनची कामे आधी घेतली आहेत. त्यानंतर ग्रंथालयात येऊन एकट्याने करता येणारी कामे आहेत, आणि शेवटी पुन्हा दोघांनी मिळून करावे असे एक काम आहे.

खाते आणि त्याच्या किल्ल्या

प्रथम ज्यांचा फोन आहे त्यांच्याच हातात तो ठेवावा आणि त्यांनाच बोट फिरवू द्यावे. मदत-टेबलावर आमचा हा पहिला नियम आहे, कारण दुसऱ्याने भराभर दाबलेली बटणे पाहून कुणालाही काही शिकता येत नाही. फोनच्या सेटिंगमध्ये खात्याचे पान उघडावे आणि त्यातील सुरक्षिततेच्या विभागात जावे. तेथे खाते परत मिळवण्यासाठी नोंदवलेला फोन क्रमांक आणि दुसरा ईमेल पत्ता दिसतो. क्रमांक खातेदाराचा स्वतःचा आणि आज चालू असलेला असावा. दुसरा ईमेल पत्ता घरातील विश्वासाच्या व्यक्तीचा असला तरी चालेल, किंबहुना तसा असलेला बरा. जुना, वापर सोडलेला क्रमांक तेथे तसाच राहू देणे धोक्याचे आहे, कारण दूरसंचार कंपन्या बंद पडलेले क्रमांक काही काळाने नव्या ग्राहकांना देतात, आणि मग आपल्या खात्याचे कोड कुणा अनोळखी माणसाकडे जाऊ लागतात.

यानंतर दुहेरी पडताळणी चालू करावी. पासवर्डखेरीज दुसरी खूण मागणारी ही व्यवस्था तीन प्रकारे चालते: एसएमएसने येणारा कोड, फोनमधील ऑथेंटिकेटर अॅपमध्ये दर ३० सेकंदांनी बदलणारा कोड, किंवा आधीच लॉग-इन असलेल्या दुसऱ्या उपकरणावर "मीच आहे" असे दाबण्याची सूचना. ऑथेंटिकेटर अॅपला कोड तयार करण्यासाठी नेटवर्क लागत नाही, त्यामुळे प्रवासात ते अधिक उपयोगी पडते. तरीही ज्यांना नवे अॅप जड जाते त्यांच्यासाठी एसएमएसचा कोडही पडताळणी अजिबात नसण्यापेक्षा कितीतरी चांगला.

याच पानावर फारसे कुणी न वापरणारी, पण आमच्या मते सर्वांत मोलाची सोय असते: राखीव कोड. गूगलच्या खात्यात असे आठ आकडी १० कोड एका वेळी मिळतात आणि प्रत्येक कोड एकदाच चालतो. फोन हरवला, पाण्यात पडला किंवा क्रमांक बंद झाला तरी यांतील एक कोड आणि पासवर्ड यांच्या आधारे खाते उघडते. हे कोड कागदावर छापून महत्त्वाच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवावेत. ते फोनमध्येच छायाचित्र काढून ठेवणाऱ्यांना एवढेच विचारावेसे वाटते की फोन हरवल्यावर ते छायाचित्र कोठे पाहणार.

पासवर्डविषयी दोन गैरसमज अजून टिकून आहेत. पहिला असा की तो दर तीन महिन्यांनी बदलावा. अमेरिकेतील राष्ट्रीय मानक संस्थेच्या, म्हणजे निस्टच्या मार्गदर्शनातही आता अशा ठरावीक मुदतीच्या सक्तीला विरोध आहे, कारण सक्तीने बदलणारा माणूस शेवटचा आकडा एकाने वाढवतो आणि थांबतो. पासवर्ड फुटल्याचा संशय असेल तेव्हा मात्र तो त्वरित बदलावा. दुसरा गैरसमज असा की चिन्हांची खिचडी केली म्हणजे पासवर्ड मजबूत झाला. खरी ताकद लांबीत असते. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द रोमन अक्षरांत सलग लिहिले तर ते लक्षातही राहतात आणि ओळखायलाही कठीण जातात. घरातील कुणाचे नाव, जन्मवर्ष किंवा लोकप्रिय गाण्याची ओळ मात्र घेऊ नये, आणि ईमेलचा पासवर्ड दुसऱ्या कोठेही वापरू नये, कारण बाकी सर्व खात्यांचे पासवर्ड बदलण्याचे दुवे ईमेलमध्येच येतात.

पासवर्ड वहीत लिहावा का, असा प्रश्न वडीलधारी मंडळी संकोचाने विचारतात. अवश्य लिहावा. घरातील कपाटात ठेवलेल्या वहीपर्यंत दूरदेशीचा भामटा पोहोचत नाही. तो पोहोचतो सर्वत्र एकच वापरलेल्या सोप्या पासवर्डापर्यंत. वही पिशवीत घालून बाहेर नेऊ नये आणि पानावर बँकेचे नाव व पिन शेजारी-शेजारी लिहू नये, इतके पथ्य पाळले तरी पुरे. ज्यांना जमेल त्यांनी पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सर्व पासवर्ड कुलूपबंद साठवणारे अॅप, वापरावा, परंतु न जमणाऱ्यांना वहीवरून लाजवू नये.

सर्व झाल्यावर तपासणी करावी. दुसऱ्या एखाद्या उपकरणावर खातेदाराने स्वतः, कुणाच्या मदतीशिवाय, लॉग-इन करून दाखवावे. येथे अडले तर घरातच अडलेले बरे. जुने, कधीतरीच उघडले जाणारे ईमेल खाते असेल तर तेही या निमित्ताने एकदा उघडावे, कारण सलग दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकण्याचे धोरण गूगलने २०२३ मध्ये जाहीर केले आहे.

जुना फोन दुसऱ्याला देताना

सुट्टीत घरात नवा फोन येतो आणि जुना फोन धाकट्या किंवा थोरल्या पिढीकडे सरकतो. येथे क्रम चुकला तर फोन कुलूपबंद होतो आणि तो आम्हालाच काय, दुकानदारालाही सहजी उघडता येत नाही. चोरीला आळा बसावा म्हणून आयफोनमध्ये २०१३ पासून आणि अँड्रॉइडमध्ये ५.१ या आवृत्तीपासून अशी व्यवस्था आहे की, जुने खाते न काढता फोन पुसला तर पुन्हा चालू करताना तो त्याच जुन्या खात्याचा पासवर्ड मागतो. तेव्हा आधी बॅकअप घ्यावा आणि नव्या फोनवर सर्व आले आहे याची खात्री डोळ्यांनी करावी. मग ऑथेंटिकेटर अॅपमधील खाती नव्या फोनवर हलवावीत. ही पायरी हमखास विसरली जाते आणि तिचा मनस्ताप सर्वांत मोठा असतो. त्यानंतर आयफोनवर "फाइंड माय" बंद करून खात्यातून लॉग-आउट करावे, अँड्रॉइडवर सेटिंगमधून गूगल खाते काढावे, सिम व मेमरी कार्ड बाहेर घ्यावे आणि शेवटी सेटिंगमधूनच फॅक्टरी रीसेट करावा. जुना फोन लगेच कुणाला द्यायचा नसेल तर तो पूर्ण भरून किंवा पूर्ण उतरवून ठेवू नये. बॅटरी साधारण अर्धी असताना बंद करून थंड, कोरड्या जागी ठेवावा.

व्हॉट्सअॅपचे संभाषण हा स्वतंत्र विषय आहे. अँड्रॉइडवर त्याचा बॅकअप गूगल खात्यात जातो आणि आयफोनवर आयक्लाउडमध्ये. हे दोन्ही बॅकअप एकमेकांच्या फोनवर थेट उतरत नाहीत. एका प्रकारच्या फोनवरून दुसऱ्या प्रकारच्या फोनवर जायचे असेल तर संभाषण हलवण्याचे काम दोन्ही फोन हातात असताना, नवा फोन बसवतानाच करावे.

"जागा संपली" हा संदेश आल्यावर

हा संदेश सुट्टीतच येतो, कारण छायाचित्रे आणि व्हिडिओ तेव्हाच भरमसाट काढले जातात. घाबरून पुसायला बसण्यापूर्वी कोणती जागा संपली ते पाहावे: फोनमधील की खात्यातील. गूगलची १५ जीबी मोफत जागा ईमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून असते, म्हणून छायाचित्रांमुळे ईमेल येणे थांबू शकते.

येथे सिंक आणि बॅकअप यांतील फरक नीट समजून घ्यायला हवा. सिंक म्हणजे आरसा. फोनमध्ये जे आहे ते खात्यात दिसते आणि फोनमधून जे पुसले ते खात्यातूनही पुसले जाते. बॅकअप म्हणजे मूळ पुसले तरी टिकणारी वेगळी प्रत. "क्लाउडवर आहेच की" असे म्हणत अॅपमधून वर्षभराची छायाचित्रे पुसणारे वाचक आम्ही पाहिले आहेत. फोनमधील जागा मोकळी करायची असेल तर फोटो अॅपमधील "जागा मोकळी करा" हाच पर्याय वापरावा, कारण तो फक्त फोनमधील प्रत काढतो. चुकून पुसलेच तर तत्काळ ट्रॅश उघडावा. गूगल फोटोमध्ये बॅकअप झालेली छायाचित्रे तेथे ६० दिवस राहतात, त्यामुळे सुट्टीतली चूक सुट्टीतच लक्षात आली तर निस्तरता येते.

खऱ्या बॅकअपसाठी जुना ३-२-१ चा नियम पुरेसा आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यांतील एक घराबाहेर. फोन, घरातील हार्ड डिस्क आणि क्लाउड एवढ्यात हा नियम पूर्ण होतो. पेन ड्राइव्हला मात्र आम्ही साठवणुकीचे साधन मानत नाही. ती ने-आण करण्याची वस्तू आहे, आणि ती किती सहज हरवते हे आमच्या हरवले-सापडले खोक्यातील साठा पाहिल्यावर कळते.

प्रिंट काढण्यासाठी येताना

ग्रंथालयात सर्वाधिक वेळ ज्या कामात जातो ते हे. अर्ज साधारणतः असा येतो: कुणीतरी पलंगावर कागद ठेवून, दिव्याखाली उभे राहून त्याचे छायाचित्र काढलेले असते, कागदाच्या एका कोपऱ्यावर अंगठा, मध्यभागी मोबाइलची सावली, आणि वर व्हॉट्सअॅपवरून पाठवल्याने अक्षरे पुसट झालेली. छापल्यावर पांढरा कागद करडा येतो आणि शिक्क्याचा काळा ठिपका होतो. यावर उपाय घरीच करता येतो. आयफोनमधील नोट्स अॅपमध्ये आणि अँड्रॉइडवरील गूगल ड्राइव्हच्या अॅपमध्ये कागद स्कॅन करण्याची सोय असते. ती कागदाच्या कडा ओळखून तो सरळ करते, सावली कमी करते आणि थेट पीडीएफ बनवते. कागद गडद रंगाच्या सपाट पृष्ठभागावर ठेवावा, खिडकीकडून उजेड घ्यावा आणि फोन कागदाच्या बरोबर वर आडवा धरावा. व्हॉट्सअॅपवरून पाठवायचेच असेल तर छायाचित्र म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावे, म्हणजे त्याचा दर्जा कमी होत नाही.

फाइल शक्यतो पीडीएफच आणावी. आयफोन २०१७ पासून छायाचित्रे एचईआयसी या प्रकारात साठवतो आणि जुने संगणक ती उघडत नाहीत. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये "सर्वाधिक सुसंगत" हा पर्याय निवडला की पुढची छायाचित्रे जेपीजीमध्ये निघतात. मराठी मजकुराच्या बाबतीत आणखी एक अडचण येते. जुन्या, युनिकोड (सर्व लिप्यांसाठीची समान संगणकीय संकेतप्रणाली) नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडला की त्याची निरर्थक चिन्हांची रांग होते, कारण त्या फॉन्टमध्ये "क" हे अक्षर खरोखर "क" म्हणून साठवलेलेच नसते. इंग्रजी अक्षराच्या जागी त्याचे चित्र बसवलेले असते. देवनागरी १९९१ मधील युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीपासून त्यात आहे, तेव्हा नवे काहीही युनिकोडमध्येच टंकावे. जुनी फाइल असेल तर ज्या संगणकावर ती नीट दिसते तेथेच तिची पीडीएफ करून घ्यावी.

छापण्याचा आदेश देण्यापूर्वी पूर्वदृश्य पाहावे. एका पानाची पावती हवी असताना संकेतस्थळाच्या जाहिराती आणि तळटीपांसह चौदा पाने बाहेर पडतात ती हे न पाहिल्यामुळे. पाने निवडण्याच्या रकान्यात हवे ते पान लिहावे. ओळखपत्राच्या आकाराचे छायाचित्र किंवा बारकोड असलेला अर्ज असेल तर "पानात बसवा" ऐवजी "मूळ आकार" हा पर्याय घ्यावा, नाहीतर आकार बदलून अर्ज नाकारला जाऊ शकतो. फाइलला पासवर्ड असेल तर तो आठवून यावे. आम्हाला तो काढता येत नाही, आणि काढता आला तरी काढणे आम्हाला उचित वाटणार नाही.

सार्वजनिक संगणकावर बसल्यावर

सुट्टीच्या दिवसांत ग्रंथालयाच्या वेळा बदलतात आणि संगणकाची पाळीही लहान होते, म्हणून येण्यापूर्वी वेळ विचारून घ्यावी आणि आपला सभासद क्रमांक व पिन सोबत ठेवावा. बहुतेक ठिकाणी पाळी संपली की संगणक स्वतः बंद होऊन सर्व फाइली पुसतो. वाचकाच्या खाजगीपणासाठी हे चांगलेच आहे, पण अर्धा लिहिलेला अर्जही त्यातच जातो. म्हणून लिहिताना दर थोड्या वेळाने मजकूर स्वतःला ईमेल करावा किंवा पेन ड्राइव्हवर साठवावा.

काम सुरू करताना ब्राउझरची खाजगी खिडकी उघडावी: क्रोम आणि एजमध्ये कंट्रोल-शिफ्ट-एन, फायरफॉक्समध्ये कंट्रोल-शिफ्ट-पी. तिच्या सर्व खिडक्या बंद केल्या की इतिहास आणि लॉग-इन पुसले जातात. मात्र तिच्या नावाने फसू नये. डाउनलोड केलेल्या फाइली संगणकावरच राहतात, आणि आपण कोणत्या संकेतस्थळावर गेलो हे नेटवर्क चालवणाऱ्याला दिसू शकते. ब्राउझरने "पासवर्ड साठवू का?" असे विचारले की नाही म्हणावे. डाउनलोड केलेली फाइल पुसावी आणि रीसायकल बिनही रिकामा करावा.

साध्या खिडकीत काम केले असेल तर लॉग-आउट करणे अनिवार्य आहे. केवळ टॅब बंद करणे पुरेसे का नाही, हे आम्ही वाचकांना करून दाखवतो. ईमेल उघडलेला टॅब बंद करायला सांगायचा, मग कंट्रोल-शिफ्ट-टी ही तीन बटणे दाबायची. बंद केलेला टॅब जसाच्या तसा परत येतो, पत्रपेटीसकट. समोरच्या माणसाचा चेहरा पाहण्यासारखा होतो, आणि त्यानंतर लॉग-आउट करण्याची आठवण त्याला द्यावी लागत नाही.

घरी पोहोचल्यावर लॉग-आउट केले नाही असे आठवले तर परत धावत येण्याचे कारण नाही. स्वतःच्या फोनवर खात्याच्या सुरक्षितता पानावर लॉग-इन असलेल्या उपकरणांची यादी असते. तेथून त्या संगणकाला बाहेर काढता येते. व्हॉट्सअॅप वेब उघडले असेल तर फोनवरील "जोडलेली उपकरणे" या यादीतून तेच करावे. बँकेचे व्यवहार सार्वजनिक संगणकावर करू नयेत, कारण दाबलेल्या बटणांची नोंद घेणारे छुपे सॉफ्टवेअर पाहून ओळखता येत नाही. ते काम स्वतःच्या फोनवर मोबाइल डेटा वापरून करावे.

ग्रंथालयाचे वाय-फाय वापरताना नेटवर्कचे नाव देवघेव काउंटरवर विचारून घ्यावे, कारण मिळतेजुळते नाव कुणीही देऊ शकतो. नेटवर्क जोडले जाते पण स्वागताचे पान उघडत नाही, अशी तक्रार असेल तर व्हीपीएन (आपली इंटरनेट-जोडणी झाकून दुसरीकडून नेणारे अॅप) किंवा अँड्रॉइडच्या नेटवर्क सेटिंगमधील प्रायव्हेट डीएनएस हा पर्याय काही वेळ बंद करून पाहावे. बहुधा तेच आड येते. पत्त्याच्या पट्टीतील कुलूप इतकेच सांगते की मधल्या मार्गात मजकूर कुणाला वाचता येणार नाही. पलीकडे बसलेला माणूस प्रामाणिक आहे की नाही, हे ते सांगत नाही.

प्रवासासाठी पुस्तके

अनेक सार्वजनिक ग्रंथालये आता ई-पुस्तके आणि श्राव्य पुस्तकेही सभासदांना देतात. छापील पुस्तकाप्रमाणेच येथेही बहुधा एक प्रत एका वेळी एकाच वाचकाला मिळते, म्हणून सुट्टीत मागणी असलेल्या पुस्तकांसाठी आधीच नंबर लावावा. मुदत संपली की पुस्तक आपोआप परत जाते, त्यामुळे विलंब शुल्काचा प्रश्न राहत नाही. स्वामित्वहक्काची मुदत संपलेली पुस्तके हवी असतील तर १९७१ मध्ये सुरू झालेल्या प्रोजेक्ट गुटेनबर्गवर ७०,००० हून अधिक पुस्तके मोफत आहेत. लहान पडद्यावर वाचायचे असल्यास पीडीएफपेक्षा ईपब हा ई-पुस्तकांचा फाइल-प्रकार बरा, कारण त्यात अक्षर मोठे केले तरी ओळी पडद्यानुसार पुन्हा बसतात. पुस्तक वाय-फायवर असतानाच उतरवून घ्यावे आणि निघण्यापूर्वी फोन एअरप्लेन मोडवर टाकून ते उघडते का ते पाहावे.

सुट्टीत येणारे खोटे संदेश

"आपले पार्सल अडले आहे" हा संदेश या दिवसांत विशेष चालतो, कारण प्रत्येक जण कसली तरी वाट पाहत असतो. दुव्यावर बोट न ठेवता ज्या दुकानातून वस्तू मागवली त्याचे अॅप उघडून पाहावे. ग्राहक-सेवेचा क्रमांक शोधयंत्रात शोधू नये. तो कार्डाच्या मागे, बिलावर किंवा अधिकृत अॅपमध्ये असतो. फोनवर बोलता बोलता आपल्या फोनचा पडदा समोरच्याला दाखवणारे अॅप उतरवायला कुणी सांगितले तर फोन ठेवावा. तसे करणे उद्धटपणाचे वाटते म्हणून अनेक सज्जन माणसे फसतात.

जुनी छायाचित्रे स्कॅन करताना

आमच्या स्कॅनरवर सुट्टीत सर्वांत आनंदाचे काम हेच चालते आणि त्यासाठी थोडी अधिक सवड काढून यावे. प्रथम स्कॅनरची काच मऊ, कोरड्या फडक्याने पुसावी. द्रव शिंपडायचाच झाला तर फडक्यावर, काचेवर नव्हे. छायाचित्रांवरील धूळ मऊ ब्रशने झटकावी. जुन्या अल्बमला चिकटलेले छायाचित्र ओढून काढू नये, पूर्ण पानच काचेवर ठेवावे.

रिझोल्युशन ६०० डीपीआय, म्हणजे दर इंचाला ६०० ठिपके, ठेवावे. ४ बाय ६ इंचांचे छायाचित्र ३०० डीपीआयवर १२०० बाय १८०० पिक्सेलचे होते, म्हणजे त्याच आकारात पुन्हा छापण्यापुरते. ६०० वर ते २४०० बाय ३६०० चे होते आणि दुप्पट मोठे छापले तरी टिकते. त्याहून पुढे गेल्यास फाइल फुगते, पण मूळ छायाचित्रात नसलेला तपशील काही त्यातून उगवत नाही. निगेटिव्ह आणि स्लाइड मात्र मुळातच लहान असल्याने त्यांना कितीतरी अधिक रिझोल्युशन आणि पारदर्शक वस्तूंसाठीचा वेगळा दिवा असलेला स्कॅनर लागतो. कृष्णधवल छायाचित्रही रंगीत पर्यायावरच स्कॅन करावे, कारण त्याचा तपकिरी झाक असलेला रंग आणि शाईच्या खुणा त्यात टिकतात.

छायाचित्राची मागची बाजूही स्कॅन करावी. तेथे स्टुडिओचा शिक्का असतो, तारीख असते, कधी कुणाच्या हस्ताक्षरातील दोन शब्द असतात. फाइलचे नाव वर्षापासून सुरू करावे, म्हणजे यादी आपोआप कालक्रमाने लागते: "१९७४-०५-सहल-०१" आणि तिच्या मागच्या बाजूसाठी "१९७४-०५-सहल-०१-मागे". वर्ष नक्की ठाऊक नसेल तर अंदाजाचे वर्ष लिहून पुढे "अंदाजे" असे जोडावे. खोटी अचूकता पुढच्या पिढीला चकवते.

चेहऱ्यांची नावे मात्र स्कॅनरला कळत नाहीत. स्कॅन केलेली छायाचित्रे त्याच दिवशी घरातील मोठ्या पडद्यावर लावावीत, घरातील सर्वांत वयस्कर व्यक्तीला समोर बसवावे आणि शेजारी फोनवर ध्वनिमुद्रण चालू ठेवावे. प्रत्येक छायाचित्र लावताना त्याच्या फाइलचे नाव मोठ्याने वाचावे, म्हणजे नंतर ऐकताना कोणते वर्णन कोणत्या छायाचित्राचे हे कळते. नावे डावीकडून उजवीकडे, मागची रांग आधी, अशी विचारावीत. मध्येच गोष्ट निघाली तर ती थांबवू नये. ध्वनिमुद्रणाची फाइल छायाचित्रांच्याच फोल्डरमध्ये ठेवावी आणि त्या फोल्डरची एक प्रत, निघण्यापूर्वी, परगावी जाणाऱ्या व्यक्तीच्या हार्ड डिस्कवर उतरवून द्यावी.